एकदाच जाता आलं तर: ११ जुलै १९६१, संध्याकाळ

मुठाकाठचा

आठवड्यातून दोनतीनदा तरी मी भूतकाळात जाऊन येतो. बसमध्ये, दाढी करताना, मीटिंगमध्ये कोणी स्लाइडवरचंच वाचून दाखवत असेल तेव्हा. यंत्रबिंत काही लागत नाही. अप्पा बळवंत चौकातून नदीच्या दिशेने चालायला लागायचं. मध्येच कुठेतरी रिक्षांचा आवाज थांबतो, टांग्याचा सुरू होतो, की आपण पोचलो. तारीख ठरलेली आहे. ११ जुलै १९६१, मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.

पुण्याच्या लोकांना दुसऱ्या दिवशीचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: १२ तारखेला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, मग खडकवासलाही फुटलं आणि मुठा लकडी पुलाच्या वरून वाहिली. नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. पांढऱ्या मातीच्या भिंती. पाण्यात त्या विरघळल्या आणि वाडा बसला. आमची माणसं वाचली, बाकी काही नाही. त्या बाकीच्यात एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत आजीचे तीन फोटो.

तीन वर्षांनी आजी गेली. मधल्या काळात आधी एका शाळेत मुक्काम, मग नातेवाइकांकडे, मग गोखलेनगर. फोटो काढायचं कोणाला सुचणार? माझा जन्म १९७२ चा. मी आजीचा चेहरा पाहिलेला नाही. मीच काय, माझ्या आईनेही आपल्या सासूचा चेहरा पाहिला नाही.

बाबा म्हणायचे, आईचा चेहरा उभट. काका म्हणतात, छे, चांगला गोल, पुरणपोळीसारखा. आत्याला विचारलं तर ती 'नाकात चमकी होती' एवढं सांगते आणि विषय बदलते. तीन मुलं, तीन आया.

तर मी वाड्याच्या दिंडीतून वाकून आत जातो. पाऊस भुरभुरतोय. आजी हौदापाशी पाठमोरी बसलेली असते. ती वळणार, इतक्यात माझा स्टॉप येतो. दर वेळी. कल्पनाच करायची तर मनाने कुठलाही चेहरा लावावा की नाही? पण नाही लागत.

तुम्ही कुठे जाता? राज्याभिषेक, आळंदी, पानिपत, सगळं मान्य आहे. मला तुमच्या खाजगी तारखा हव्या आहेत. आणि पुणेकराचं टाइम मशीन दुपारी १ ते ४ बंद असतं हा विनोद कोणीतरी करणारच, म्हणून मीच करून टाकला. झाला. पुढे चला.

चकली_कडक

पहिली! फार आतून आलंय.
पण माफ करा, मी राज्याभिषेकालाच जाणार. ६ जून १६७४. हेन्री ऑक्झेंडन नावाचा इंग्रज त्या दिवशी रायगडावर हजर होता, जे दिसलं ते लिहून गेला. एका इंग्रजाला जागा मिळते आणि मला नाही? कोपऱ्यात उभी राहीन. कोणाला धक्का लागू देणार नाही.

भौतिकवेडा

मूड घालवायचा नाही, पण थोडं शास्त्र.

पुढे जाता येतं, यात शंका नाही. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या दोघांनी सिझियमची आण्विक घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. परतल्यावर ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळेनात. फरक नॅनोसेकंदांचा, पण आइनस्टाइनच्या हिशोबाला धरून. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तो फरक आधीच हिशोबात धरलेला असतो म्हणून तुमची टॅक्सी तुमच्याच दारात येते. सर्गेई क्रिकालेव हा अंतराळवीर सगळ्या मोहिमा मिळून ८०३ दिवस वर होता. तो आपल्या मानाने सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग भविष्यात येऊन पोचलाय.

मागे जाणं वेगळं. १९४९ मध्ये कुर्ट गोडेलने आइनस्टाइनच्याच समीकरणांची एक उकल काढली. तिच्यातलं विश्व स्वतःभोवती फिरतं आणि त्यात मागच्या काळाकडे वळणारी वाट निघते. आपलं विश्व मात्र तसं फिरताना दिसत नाही. आणि स्टीफन हॉकिंगने २८ जून २००९ ला केंब्रिजमध्ये काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली होती. फुगे, शॅम्पेन, सगळं. आमंत्रणं पार्टी संपल्यावर जाहीर केली, म्हणजे खरा काळप्रवासीच येऊ शकेल. कोणी आलं नाही.

थोडक्यात, आजी भेटणं कठीण. खापरपणतू भेटू शकेल.

चकली_कडक

आमंत्रण उशिरा आलं म्हणून रुसले असतील. आमच्याकडे मुंजीला असंच झालं होतं, मामा अजून बोलत नाहीत.

सुपारी

मला एक कळलेलं नाही, स्पष्ट विचारते. तुम्ही आदल्या संध्याकाळी तिथे जाणार. उद्या पाणी येणार हे तुम्हाला ठाऊक. शेजारच्या वाड्यांत माणसं जेवायला बसलीत, पोरं पाटीवर गिरवताहेत. आणि तुम्ही आजीचा चेहरा बघून परत येणार? ओरडणार नाही? कमाल आहे.

मुठाकाठचा

@सुपारी, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नाही असं नाही. कल्पनेत मी नेहमी मुका असतो. तोंड उघडलं तरी आवाज येत नाही, स्वप्नात पळता येत नाही तसं. ही सोय मीच करून घेतली असणार, हेही कळतं.

भौतिकवेडा

शास्त्राच्या बाजूने त्यांना थोडा आधार. नोविकोव या रशियन शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की मागे जाता आलं तरी तुम्ही तिथे तेच करू शकाल जे आधीच घडून गेलंय. ओरडलात तरी कोणी ऐकणार नाही, किंवा ऐकून म्हणेल, 'आला मोठा शहाणा.'

सुपारी

शास्त्राचा आधार घेऊन गप्प बसणं सोपं असतं. असो.

ओटीवरची

भौतिकवेडा, तुमच्या त्या क्रिकालेवच्या फार आधी आमचा ककुद्मी राजा जाऊन आलाय. भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी स्थळ विचारायला तो तिला घेऊन थेट ब्रह्मलोकात गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चालू होतं. मध्येच कसं बोलायचं म्हणून तो गाणं संपेपर्यंत थांबला. मग मनातल्या मुलांची नावं सांगितली, तर ब्रह्मदेव हसला. म्हणाला, अरे, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. त्या मुलांचे नातूसुद्धा राहिले नाहीत, गोत्रंही कोणाच्या कानावर नाहीत. आता खाली जा, बलराम आहे, त्याला दे.

लहानपणी आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा आम्ही शेवटाला हसायचो. रेवती जुन्या युगातली म्हणून ताडमाड उंच, आणि बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या मापाची केली. आता हसू येत नाही. मैत्रिणी, आई, घराचा उंबरा, सगळं एका गाण्यात संपलं, आणि वर तिलाच कापून बेतात बसवली. मी लग्न होऊन आले तेव्हा साधारण असंच वाटलं होतं, पण तो वेगळा धागा होईल.

माझी तारीख सांगू? आई नववीत होती तेव्हाची कुठलीही मधली सुट्टी. तिची एक मैत्रीण सांगते की आई वर्गात सगळ्यांच्या नकला करायची. मी आईला नक्कल करताना कधीच पाहिलं नाही. आमच्या घरात तिने आवाज चढवलेलासुद्धा आठवत नाही. मला त्या मुलीच्या मागच्या बाकावर बसायचंय.

गिरगावकर_३९

जाणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. मुंबईत १९५५ च्या आधी उतरणार असाल तर वेळ सांगताना 'कुठला टाइम' तेही सांगा. १९०६ पासून देशाला स्टँडर्ड टाइम आला, पण मुंबईने आपला बॉम्बे टाइम पन्नासएक वर्षं सोडला नाही. तो ३९ मिनिटं मागे. माझे आजोबा 'स्टँडर्डचे दहा की आपले दहा?' असं विचारायचे म्हणे. माझ्या आयडीतले ३९ ते हेच. आजवर एकानेही विचारलं नव्हतं, म्हणून इथे घुसवलं.

मी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरला. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पहिली गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. आत चारशेएक पाहुणे बसलेले. मला आत नाही बसायचं. भायखळ्याच्या पुढे रुळाकडेला उभं राहून बघणाऱ्यांची तोंडं बघायचीत. त्यातलं एखादं माझ्या घराण्यातलं असायला हरकत नाही.

चकली_कडक

पेशवाईत जाऊ म्हणणारे दोघंतिघं येतीलच, त्यांना माझा प्रश्न. उपवासाला काय खाणार? आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सगळी मंडळी अमेरिका खंडांतून आलेली. मिरची तेवढी पोर्तुगीजांच्या कृपेने आधी पोचली. राजगिराही तिकडचाच! वरीचे तांदूळ खा आणि गप्प बसा. चहाही नाही. मी राज्याभिषेकाचा बेत एका दिवसाचाच ठेवलाय तो याचमुळे.

घाटमाथा

हसून हसून पुरेवाट. आणि देवीच्या रोगाचं काय? ज्यांच्या दंडावर लशीचा व्रण आहे त्यांनीच मागे जावं. मुंबईत पहिली लस टोचली १४ जून १८०२ ला, एका तीन वर्षांच्या मुलीला. देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं १९८० मध्ये. मधली पावणेदोनशे वर्षं आणि आधीचा सगळा काळ, दंड दाखवून प्रवेश.

उंबरठा

सगळे प्रतिसाद वाचले. खिचडीवर हसलोही. पण एक बोलायचं राहतंय.

'मागे जायचं' म्हटलं की इथे प्रत्येकाला वाड्यात, गडावर, स्टेशनात सरळ आत जाता येतं. माझ्या कल्पनेत दाराशीच प्रश्न येतो, कोणाचा तू? शंभर-दीडशे वर्षं मागे गेलो की मला दिंडीतून आत जाता येत नाही, हौदाला हात लावता येत नाही. म्हणून लहानपणी माझं यंत्र फक्त पुढे जायचं. मित्र शिवकालात, मी एकटा चंद्रावर.

आता एक तारीख आहे. २० मार्च १९२७, महाड. आमच्या घरात सांगतात की पणजोबा चवदार तळ्यावर गेले होते, बाबासाहेबांच्या मागे रांगेत होते, ओंजळीने पाणी प्यायले. दर १४ एप्रिलला ही गोष्ट होते. गंमत अशी की दर वर्षी पणजोबा रांगेत थोडे पुढे सरकतात. मी शाळेत होतो तेव्हा ते बरेच मागे होते, आता जवळजवळ बाबासाहेबांच्या खांद्याशी आलेत. लेखी काही नाही. कोणत्या यादीत नाव नाही.

मला तिथे जाऊन बघायचंय, ते खरंच आहेत का. असतील तर त्यांच्या मागे उभा राहीन, जिथे असतील तिथे. नसतील तर शेतावर बघून येईन. त्या दिवशी मजुरी बुडवून जाणं परवडलं नसेल, काय सांगावं.

आणि नसले, तर घरी येऊन मी कोणालाही सांगणार नाही.

मुठाकाठचा

@उंबरठा, 'दिंडीतून वाकून आत जातो' हे वाक्य मी किती सहज लिहिलं होतं. परत वाचलं.

(एक प्रतिसाद संपादकांनी काढला आहे)

गिरगावकर_३९

कृपया या धाग्याचं काश्मीर करू नका. वर ज्यांनी सुरुवात केली त्यांनी वेगळा धागा काढावा, तिथे मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

बाळ्या_न्यूजर्सी

मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

बाबा गेले तेव्हा पुण्यात बुधवारची पहाट होती आणि माझ्याकडे मंगळवारची संध्याकाळ. ताईचे चार मिस्ड कॉल. फोन सायलेंटवर, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. मी सकाळी उठून पाहिले. मधल्या अकरा तासांत मी जेवलो, मॅच पाहिली, शेजाऱ्याबरोबर हसलो. उरलेली भाजी डब्यात भरून ठेवली, हे तर अगदी स्पष्ट आठवतं. पुढे श्राद्धाची तिथी कुठल्या घड्याळाची धरायची यावरही इथल्या गुरुजींशी वाद झाला, पण ते सोडा.

मला लांब जायचं नाही. त्याच मंगळवारी, माझ्याच घरी. त्या माणसाला सोफ्यावरून उठवून फोनपर्यंत न्यायचं. बाबा वाचले नसते, हे माहिती आहे. तो मॅच बघत हसतोय ते मला बघवत नाही.

ओटीवरची

बाळ्या, त्याला हसू दे रे. त्याला ठाऊक नव्हतं.

कोरा_कागद

बरेच दिवस नुसती वाचते, आज लॉगइन केलं.

मला मागचं काही नको. माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, स्वमग्न. बोलतो थोडं, पण अनोळखी माणसाशी नाही. मला मी गेल्यानंतरचा एक दिवस बघायचाय. वाढदिवस, सण असलं काही नको. साधा मंगळवार. दुपारी एक वाजता त्याच्यासमोर ताट आहे का, आणि वरण भातावर न घालता वाटीत वेगळं वाढलंय का. वाढणारं कोण आहे हे नाही दिसलं तरी चालेल.

भौतिकवेडा

@कोरा_कागद, ताई, वर मी 'पुढे जाता येतं' असं फार उत्साहाने लिहिलं. ते एकेरी तिकीट असतं हे लिहायचं राहिलं. बघून परत येता येत नाही. माफ करा.

कोरा_कागद

माहिती आहे. म्हणून तर बसल्या जागी जाते.

घाटमाथा

धागाकर्त्यांना सुचवतो. आजकाल एआयला तुमचा, बाबांचा, आत्याचा फोटो दिला तर आजीचा अंदाजे चेहरा करून मिळेल. पुतण्याने आमच्या खापरपणजोबांचा केला. रुबाबदार आलाय, फक्त हाताला सहा बोटं आहेत.

मुठाकाठचा

करून झालंय. बाबांचा जुना पासपोर्ट फोटो, काका, आत्या, सगळे घातले. 'नऊवारी, नाकात चमकी, वय ३५' असंही सांगितलं. एक बाई आली. आत्याला दाखवली तर चष्मा वर करून म्हणाली, 'कोण रे ही? बरी आहे दिसायला.'

सुपारी

मी वर जरा तोडून बोलले. कारण सांगते.

माझी मावशी त्या पाण्यात गेली. आठ वर्षांची. त्या सकाळी निम्मं गाव नदीवर पाणी बघायला गेलं होतं, तशी तीही कोणाच्या तरी मागोमाग गेली. माझी आई तेव्हा पाच वर्षांची, तिला ताप होता म्हणून नेलं नाही. आजी शेवटपर्यंत जुलैमध्ये नदी ओलांडायची नाही. लग्न असो, मयत असो.

त्यामुळे तुम्ही 'मी मुका असतो' म्हणालात ना, तिथे माझं डोकं सटकलं. मी ती तारीख मनात शंभर वेळा खेळलेय आणि मी सगळ्या पेठांमधून ओरडत फिरते. कोणी दार उघडत नाही. एकदा एका बाईने उघडलं आणि म्हणाली, 'काय झालं हो? आत या, भिजाल.' बस. एवढंच. पुढे जातच नाही.

तुमच्या चेहरा न दिसण्यासारखंच आहे हे. काल रात्री भांडी आवरताना लक्षात आलं.

मुठाकाठचा

काय लिहू कळत नाही. तुम्ही ओरडत गेलात तर आमच्या वाड्याचंही दार वाजवा. चौकातून नदीकडे येताना डावीकडचं, कडीला सुतळी बांधलेली.

चकली_कडक

मी राज्याभिषेक पुढच्या खेपेला बघेन. मलाही घ्या दारं वाजवायला.

उंबरठा

+१. मोठा आवाज आहे माझा. दाराबाहेरून ओरडायला परवानगी लागत नाही.

मुठाकाठचा

हा धागा वाचून काल आत्याला फोन केला. ऐंशी उलटलीय, ऐकू कमी येतं, म्हणजे सोयीचं तेवढं येतं. थेट विचारलं, आत्या, तुला ११ जुलैच्या संध्याकाळी परत सोडलं वाड्यात, तर काय करशील?

मला वाटलं म्हणेल, ट्रंक काढीन. ट्रंकेत तिच्याही मॅट्रिकच्या तयारीच्या वह्या होत्या. किंवा म्हणेल, सगळ्यांना बाहेर काढीन. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, 'त्या दिवशी आईच्या अंगात कणकण होती. मी म्हटलं होतं, मी घासते भांडी. पण माझा अभ्यास होता. मग तीच बसली हौदावर, पावसात, डोक्यावर पोतं घेऊन. राख नि नारळाची शेंडी घेऊन सगळी घासली. तांब्याचा बंबसुद्धा काढला मेला, त्याची काही गरज होती का? सगळं ओळीने पालथं घातलं आणि मग निजली.'

मी म्हटलं, मग?

'मग काय. जाता आलं तर तिला सांगेन, राहू दे गं आज. सकाळी वाहूनच जायचीत.'

आणि हसायला लागली. खूप वेळ हसत होती. मीही. मग म्हणाली, 'चल ठेवते, कुकर लावायचाय.'